बोटभर उघडलेलं तोंड

सुनेनं सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव तोंडात आणायचं नाही, ही आमच्याकडची रीत. नऊ वर्षं मी ती पाळली. आज तोंडानं नाही, हातानं लिहून नाव घेते: माझ्या सासूबाईंचं नाव कलीमान. घरात मी त्यांना आपा म्हणते, आई म्हणावं तसं.

डोंगरांत, कोच्कोरच्या वरच्या अंगाला आमचं गाव. तिथं आणि शेजारच्या चार गावांत कुणाच्या घरी मयत झाली, किंवा कुणाची लेक सासरी निघाली, की नातेवाइकांच्याही आधी आमच्या फाटकाशी माणूस येऊन उभा राहतो. कारण आपा कोशोक, म्हणजे निरोपाची विलापगीतं, गातात. रडता सगळ्यांनाच येतं. पण गेलेल्या माणसाचा घोडा कुठल्या रंगाचा होता, निघालेली मुलगी लहानपणी कुठल्या खिडकीत बसून दूध प्यायची, हे सगळं सुरात ओवून दगडालाही पाझर फोडायचा, हे आपांनीच करावं. त्या घरात शिरल्या की आधी सगळीकडे नजर फिरवतात. खुंटीवरची टोपी, दारातले बूट, झिजलेला चाबूक. मग भिंतीकडे तोंड करून बायांच्या ओळीत बसतात आणि डाव्या गालात कुरुताची एक गोळी सारतात.

चक्का मळून, मीठ घालून उन्हात वाळवलेलं कुरुत. ताजं असलं तर खडूसारखं, जुनं झालं की गारगोटी. ते चघळलं की तोंडाला पाणी सुटतं, घसा कोरडा पडत नाही. गाणं संपता संपता गोळी विरायची. नाही विरली तर आपा ती दाढेखाली धरून कडकन फोडायच्या आणि चहा मागायच्या. चाळीस वर्षं हाच गाल, हीच सगळ्यात मागची दाढ.

या ऑगस्टात, कुरणावर असताना, असाच कडकन आवाज झाला. मी घोडीचं दूध गाळत होते.

"आपा, कुरुत फुटलं?"

 त्या तळहातावर थुंकल्या, बघितलं, आणि मूठ मिटली.

"हो, कुरुतच. मेलं मागल्या वर्षीचं आहे."

कुरुत पांढरं असतं. त्यांच्या मुठीत काहीतरी पिवळट होतं. पण सुनेनं सासूची मूठ उघडायची नसते.

सप्टेंबरात कळप घेऊन खाली उतरलो. घरात लग्नाची गडबड सुरू झाली होती. लग्न जिपारचं. जिपार ही आपांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा पोर चार वर्षांची होती. कुणीतरी तिला घोड्यावर पुढ्यात घालून आणलं, तेव्हा तिच्या पायात एकच बूट होता, दुसरा वाटेत कुठं तरी पडला होता. ती आपांच्याच कुशीत वाढली. आता राजधानीत, बिश्केकमध्ये, शिवणकामाच्या कारखान्यात असते, नवरामुलगा दूरच्या तालासचा. बहिणीनं शेवटच्या दिवशी आपांचा हात धरून म्हटलं होतं, "जिपारला पाठवशील तेव्हा गा. माझ्या वाटचंही गा." तेव्हापासून वीस वर्षं आपा दुसऱ्यांच्या लेकी गाऊन पाठवत होत्या. ही पहिली स्वतःची.

लग्न शनिवारी. त्याच्या आठ दिवस आधी, शुक्रवारी, आबा, म्हणजे माझे सासरे, खोगिराचा पट्टा शिवत बसले होते. मला हळूच म्हणाले, "सूनबाई, इकडे ये. माझ्या हातून काही पुण्य घडलंय का?"

"का हो आबा?"

"तीन दिवस झाले, तुझ्या सासूनं मला एक शिवी दिलेली नाही."

मग माझ्याही ध्यानात आलं. आपा चहा गार करून पीत होत्या. बोरसोक, पिठाचे तळलेले तुकडे, चहात बुडवून, लगदा करून, उजव्या बाजूनं गिळत होत्या. स्वतःच्या वाट्याचं मांस माझ्या ताटात टाकत होत्या आणि मी खुळी समजत होते की नऊ वर्षांनी का होईना, सासूची माया उतू चाललीय.

आमची शेजारीण अनारकुल हिच्यापासून मात्र काही लपत नाही. तीही कोशोक गाते. बरं गाते. पण आपांच्या हयातीत बरं गाणाऱ्याला कोण विचारतो? ती फाटकातून आली तीच आपांच्या तोंडाशी वाकली.

"दाखव."

"काय दाखव? घोडी विकत घेतेयस का?"

"गाल बघ तुझा. खारीनं अक्रोड ठेवल्यासारखा. अक्कलदाढ ना?"

"वारं लागलंय."

"एकाच गालाला लागलं? मोठं शहाणं वारं आहे." अनारकुल बैठकीवर टेकली. "मीठ गरम कर, मोज्यात भर आणि शेक. वरून मेंढीच्या शेपटीची चरबी गरम करून धर. माझ्या नवऱ्याची दाढ दोन दिवसांत गप्प झाली होती."

"तुझा नवराच गप्प आहे, दाढेचं काय घेऊन बसलीस!"

हसायला तोंड वासलं आणि आपांनी गाल धरला. डोळ्यांत टचकन पाणी आलं. मयताच्या घरी त्या रडतात तसं नाही. ते पाणी त्या हवं तेव्हा आणतात. हे न बोलावता आलं होतं.

मीठ झालं. चरबी झाली. दारूत भिजवलेला कापसाचा बोळा झाला, धूप झाला. शनिवारी, रविवारी, सोमवारी शेक. जितकं शेकलं तितकं ते आत पिकत गेलं. मंगळवारी सकाळी आपा उठल्या तर डावा डोळा अर्धा मिटलेला, गाल तापून लाल, गळ्याखाली गाठ. आणि तोंड उघडेना. जबड्याला जणू कुणी कडी घातली होती. त्यांनी स्वतःचं बोट दातांमध्ये घालून बघितलं. एक बोट कसंबसं शिरलं. दुसरं नाही.

"आपा, डॉक्टरकडे जाऊ या," मी म्हटलं. "काढून टाकतील."

"ना-ही." दात न उघडता त्या बोलल्या. "काढायची नाही."

"अहो, पण..."

"सून आहेस, सुनेसारखी राहा."

मी सुनेसारखी राहिले. बाहेर जाऊन पीठ मळलं. इतकं मळलं, जणू चूक त्याचीच होती.

बुधवारी दुपारी जिपार आली. हातात सासरच्यांसाठी शिवलेल्या रजयांचं गाठोडं, तोंडभर हसू. दारात आपांना बघितलं आणि गाठोडं तसंच खाली पडलं.

"आपा! हे काय? कुणी मारलं?"

"मारलं नाही गं. वारं."

"वहिनी, खरं सांग."

मी सगळं सांगून टाकलं. सुनेसारखं राहायचं तेवढं राहून झालं होतं.

त्याच वेळी अनारकुलही आलेली. तिनं मध्येच तोंड घातलं, "काळजी नको करू, पोरी. मी गाईन ना. नाही तर माझ्या फोनमध्ये तुझ्या आपाचा आवाज भरून ठेवलाय, मागच्या वर्षी सापारच्या मुलीला पाठवलं तेव्हाचा. नाव तेवढं सापारच्या पोरीचं आहे, तेवढ्यात आपण जरा मोठ्यानं रडू."

आपांनी तिच्याकडे असं बघितलं की अनारकुलनं फोन स्वतःच्याच बुटात खुपसला.

जिपार रागावली नाही. आपांच्या पायाशी बसली, त्यांचा हात घेतला. "आपा, नाही गायलीस तरी चालेल. तू नुसती बाजूला बस."

हे ऐकून आपा उठल्या आणि आतल्या खोलीत गेल्या. तोपर्यंत त्या दुखण्याशी भांडत होत्या. 'चालेल' हा शब्द मात्र त्यांना लागला. मी चहा घेऊन गेले तर त्या गुंडाळलेल्या गाद्यांच्या ढिगाला टेकून बसल्या होत्या आणि सूर लावून बघत होत्या. ओठ हलत होते, आवाज जबड्याशी अडत होता. वरच्या पट्टीला पोचता पोचता तोंडावर वीज पडावी तसा चेहरा वेडावाकडा झाला.

"आपा, दाढ काढायला एवढं का भिता?"

त्या बोलल्या. एकेक शब्द दातांच्या फटीतून सरकवावा तसं. "किम्बात आजी माहीतेय तुला? माझी आजी. लहानपणी तिचं ऐकून शिकले मी. सगळ्या खोऱ्यात तिच्यासारखी गाणारी नव्हती. तिची दाढ काढली. हीच, मागची. त्यानंतर ती मरेपर्यंत गायली नाही. मी सात वर्षांची होते, डोळ्यांनी बघितलंय. शब्द दाढेच्या मुळाशी असतात गं. मूळ गेलं, शब्द गेले."

दारात आबा उभे होते. हातात खोगिराचा पट्टा तसाच.

"काय म्हणालीस?"

"तुम्हाला नाही. बायकांचं बोलणं आहे."

"किम्बात आजीचं म्हणालीस." आबा आत आले, खाली बसले. ते आपांपेक्षा पाच वर्षांनी मोठे, त्याच गावचे. "म्हातारे, तुझा धाकटा काका बर्फाखाली गेला ते साल आठवतं? मेंढरांसकट?"

"आठवतं."

"त्याला खाली आणलं ते माझ्या बापाच्या घोड्यावर. मी लगाम धरून चालत होतो, बारा वर्षांचा. घरापाशी आलो. बाया तिच्या दोन्ही बाजूंनी बसल्या, सगळे वाट बघतायत की आता आजी सुरू करील. तिनं तोंड उघडलंच नाही. दुसऱ्यांच्या पोरांसाठी आयुष्यभर गायली. स्वतःच्या पोरासाठी एक शब्द फुटला नाही. त्यानंतर तिला कुणी गायला बोलावलं नाही, आणि ती गेली नाही. ते माघात. दाढ काढली वसंतात, जनावरांच्या डॉक्टरनं, आमच्याच अंगणात. मी तिचं डोकं धरलं होतं."

आपा त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"आधी गाणं गेलं, म्हातारे. दाढ मागून गेली. तू लहान होतीस, तू उलटं बांधलंस."

 बाहेर जिपार रजया मोजत होती, तिचा आवाज येत होता, नऊ, दहा, अकरा.

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीत?" आपा फिस्कारल्या. दात मिटलेले होते म्हणून ते आणखीच मांजरासारखं वाटलं.

"तू कधी विचारलंस? प्रत्येक वेळी दात दुखला की 'काढायचा नाही' एवढंच. मला वाटलं सुईला भितेस."

आपांनी गाल धरला. मग नजर चुकवून म्हणाल्या, "तेही आहेच."

गुरुवारी पहाट झाल्या झाल्या आबांनी गाडी काढली. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला आपा एक शिवी पुटपुटत होत्या. आबा खूश होते. "ऐकलंस सूनबाई? सुधारतेय."

कोच्कोरच्या दवाखान्यात दातांच्या डॉक्टर वेनेरा-एजे, म्हणजे वेनेराताई. पन्नाशीच्या, हात गड्यासारखे, बोलणं त्याहून जड. आपांच्या गालावर दिवा धरला, बोट ठेवलं.

"कुणी शेकलं?"

 मी जमिनीकडे बघत राहिले.

"मीठ की चरबी?"

"दोन्ही," मी म्हणाले.

"वा! कांदा घातला असता म्हणजे जेवायलाच बसता आलं असतं. आत पू झालाय, त्याला तुम्ही पाहुण्यासारखं उबेत ठेवलंत." त्यांनी फोटो काढला, उजेडात धरला. "बघा, दाढ तिरकी उगवलीय, पुढच्या दाढेच्या पोटात डोकं खुपसून. वरून अर्धी फुटलेली. किती दिवस सोसताय?"

"ऑगस्टपासून," मी म्हटलं.

"ऑगस्ट!" वेनेरा-एजे आपांकडे बघू लागल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "आजी, तुम्ही माणूस आहात का उंट?"

सुई बघितली आणि आपांनी माझा हात धरला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. त्यांच्या चांदीच्या अंगठीची खूण माझ्या बोटावर दोन दिवस होती. आधी हिरडी चिरून पू काढला. नुसत्या त्यानंच आपांचा खांदा सैल पडला. तास गेला, जबड्याची कडी थोडी निघाली, दोन बोटं शिरू लागली. मग दुसरी सुई आणि दाढ दोन तुकड्यांत बाहेर. टाके. कापसाचा बोळा.

"आठवडाभर गरम नाही, कडक नाही, चूळ जोरात भरायची नाही. औषधाच्या गोळ्या वेळेवर. आणि कमी बोलायचं."

"शनिवारी..." आपा बोळ्यातून बोलल्या.

"शनिवारी काय?"

"कोशोक आहे त्यांचं," मी सांगितलं. "मुलगी पाठवायचीय. त्या गातात."

डॉक्टर हातमोजे काढता काढता थांबल्या. "तुम्ही कलीमान?"

आपांनी मान हलवली.

"माझ्या आईच्या वेळी तुम्ही गायला होतात. अकरा वर्षं झाली." त्या हातमोज्यांकडेच बघत होत्या. "आई गाजरं मुरवून ठेवायची आणि कुणाला हात लावू द्यायची नाही, हे तुम्ही त्यात घातलं होतं. आम्ही रडताना हसलो होतो. तुम्हाला कुणी सांगितलं ते?"

आपांनी हातानं खूण केली. एकावर एक, एकावर एक. बरण्या.

"दारात बरण्या रचलेल्या असतील," मी म्हटलं. "त्यांनी त्या बघितल्या."

वेनेरा-एजेंनी नाक ओढलं. दाढेचे तुकडे कापडात गुंडाळून आपांच्या हातात दिले. मग आपल्या मूळच्या आवाजात, "गा. पण बोटभर तोंड. बोटभराच्या वर उघडलं आणि टाका तुटला तर मी रक्त थांबवायला वरातीमागून येणार नाही, समजलं?"

घरी आल्यावर आपांनी ते तुकडे शेपटीच्या चरबीत गुंडाळले आणि कुत्र्याला टाकले, लेकरांचे दुधाचे दात टाकतो तसे. कुत्र्यानं चरबी खाल्ली, दाढ थुंकली.

"नवी येईल आता!" आबा ओरडले. "साठीला अक्कल यायची असेल तर हीच वेळ!"

आपांनी त्यांना शिवी दिली. सूज होती, पण शब्द पूर्ण होता.

शनिवारी तालासचे व्याही दोन गाड्या आणि एक छोटी बस घेऊन आले. जेवणं झाली, मांसाचे वाटे मानाप्रमाणे पडले, विहिणीनं जिपारच्या कानांत डूल घातले. मग बाया अंगणाच्या फाटकाशी जमल्या. सगळ्या जणी आपांकडे बघत होत्या. अनारकुल कुरुताची गोळी घेऊन तयारच उभी होती, न जाणो.

मी आपांपुढे वाटी धरली, सवयीनं. त्यांनी गोळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी जीभ चावली आणि वाटी मागे घेतली. कुरुताशिवाय, कोरड्या घशानं, त्या जिपारपाशी गेल्या. तिला मिठीत घेतलं, ओठ तिच्या कानाशी नेले.

एरवी आपांचा आवाज ओढ्यापलीकडे पोचतो. त्या दिवशी फाटकापलीकडेही नाही पोचला. तोंड बोटभर. मधल्या पट्टीत, घशातून गुंजल्यासारखं. 'स'चा 'श' होत होता. बाया एकेक पाऊल पुढे सरकल्या. विहीण बसपाशी कुणावर तरी खेकसत होती, तिला तिच्याच माणसांनी गप्प केलं. मी मागे आपांना टेकून उभी होते म्हणून मला ऐकू आलं:

"एका बुटानं आलीश बाई, दोन बुटांनी जा,
आईशाठी एकदा वळ, माझ्याशाठी नको गं,
मी आहेच इथं, तू जा..."

इथं त्या अडल्या. पुढचा शब्द येईना. मला त्यांच्या पाठीचा कणा ताठ झालेला कळला. किम्बात आजी आठवली असणार त्यांना.  मला वाटलं, गेलं. आता गेलं.

तेवढ्यात जिपारनं सूर उचलला. निघणाऱ्या मुलीनं उत्तरात गायचं असतं, पण आताच्या मुलींना कुठं येतं ते? तिला येत होतं. चौदा वर्षं ती आपांच्या शेजारी झोपली होती आणि आपा झोपेतही गुणगुणतात.

"एक पाऊल तिकडे, आपा, एक तुझ्या दारी,
हरवलेला बूट माझा तुझ्याच गं पदरी..."

आपांच्या पाठीत काहीतरी सुटलं. शब्द आले. मग येतच राहिले. बहिणीच्या वाटचे, स्वतःच्या वाटचे, हळू, बोबडे, बोटभर रुंद. मी मोजले नाहीत. मी रडत होते.

गाडी वळणाआड गेली. आपांनी रुमाल तोंडाशी धरला, बघितला. थोडं रक्त होतं, फार नाही.

अनारकुल डोळे पुसत आली. "अगं कलीमान, काय गायलीस काय तू? मला तर अर्धंही ऐकू नाही आलं."

"तुला ऐकू यायला गायलेच नव्हते."

 अनारकुलनं ती तयार ठेवलेली कुरुताची गोळी स्वतःच्याच तोंडात टाकली आणि भांडी आवरायला गेली.

मी आपांना बैठकीवर नेऊन बसवलं, गार चहा दिला. उजव्या बाजूनं एकेक घोट घेत त्या बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिल्या.

"मध्ये अडले होते ना गं मी?"

"थोडं."

"मग आले शब्द?"

"आले आपा. सगळे आले."

त्यांनी चहाची वाटी माझ्याकडे परत दिली. अंगणात आबा घोड्यांबद्दल कुणाशी तरी मोठमोठ्यानं बोलत होते.

"त्यांना सांगू नकोस," आपा म्हणाल्या. "मरेपर्यंत म्हणत बसतील, बघ, शब्द दाढेत नसतात, मी सांगितलं होतं."